दिवसाच्या लाईटीचा आठवडा

१ नोव्हेंबर, शनिवार

वरवंडचे आबा आज परत आले. पिशवीत पेढे आणि गौरीसाठी ड्रेसचं कापड. दिवाळीची सुट्टी संपत आली, आता तरी चार दिवस पोरीला पाठवा म्हणाले. ह्यांनी चहा पाजला, पाव्हण्याचा मान ठेवला, आणि कांदा लागवड उरकली की मीच आणून सोडतो म्हणाले. उन्हाळ्यातही हेच सांगितलं होतं. तेव्हा उसाचं पाणी होतं.

गौ. दाराआड उभी. जाताना आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढेचनात. त्यांच्या लेकीची, माझ्या जाऊची, सीमाची ही एकच पोर. सीमा आणि भाऊजी एकाच गाडीवर गेले, हायवेच्या अपघातात. क्लेमच्या कामाला पालक लागतो म्हणून कोर्टानं ह्यांना नेमलं, तेव्हा आबांनीच ना हरकत लिहून दिली होती. आजी अर्धांगानं पडलेली, पोर सांभाळायची कुणी? आता पस्तावतात.

सुट्टीत पोरीला आजोळी पाठवायचं असं कोर्टाच्या आदेशात स्वच्छ लिहिलंय. मी वाचलंय. पण पाव्हण्यासमोर नवऱ्याला कशाला तोंडघशी पाडायचं, म्हणून गप्प.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसाची लाईट सुरू झाली. म्हणजे गौ. घरी.

बाहेरच्याला सांगितलं तर वेड्यात काढेल, पण आमच्या घराचं कॅलेंडर लाईटीवर चालतं. शेतीपंपाला एक आठवडा रात्रीची, एक आठवडा दिवसाची. रात्रीच्या लाईटीला हे स्वतः जातात, बॅटरी आणि काठी घेऊन. त्या आठवड्यानं ह्यांची कंबर पार आंबून जाते, मणक्यात गॅप आहे. मग दिवसाच्या लाईटीला गौरी. मोटर चालू करायची आणि उसात दारं धरायची. एक सरी भरली की खोऱ्यानं मातीचं दार मोडायचं, पाणी पुढच्या सरीत. दिवसभर तेच. मजूर मिळत नाहीत, बिबट्याच्या धास्तीनं उसात कुणी पाय घालत नाही. आमचा पोरगा चाकणला कंपनीत. आणि मी मशीनवर. लगीनसराई तोंडावर, ब्लाऊजचा ढीग पडलाय.

शाळेतून बाईंचा फोन. गौरी आजारी आहे का? मी म्हणाले, हो, अंग गरम आहे. इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बेलिफ कागद देऊन गेला. आबांनी कोर्टात अर्ज केलाय, ह्यांना पालक म्हणून काढून टाका आणि गौरी आमच्याकडे द्या.

हे ओट्यावर बसून राहिले. भाकरी पुढं ठेवली तर सरकवून दिली. “माझ्या भावाची लेक, आन् मला काढत्यात?” एवढंच. मला ह्यांची दयाही आली आणि रागही आला. दिवाळीत चार दिवस पाठवली असती तर काय बिघडलं असतं.

गौ. ने विचारलं, मोठी आई, काढलं म्हणजे मी इथून जायचं? मी म्हणाले, अजून कशात काय नाही, अभ्यास कर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शिरूरला वकिलांकडे. एस.टी. स्टँडच्या मागं जिना चढून ऑफिस. आधी एवढी माणसं बसलेली की बाकड्यावर जागा नाही.

वकील म्हणाले, घाबरू नका, कोर्टानं नेमलेला पालक कुणाला वाटलं म्हणून काढता येत नाही. कायद्यात कारणं दिलीत, त्यातलं एखादं शाबीत करावं लागतं. आणि बोटांवर मोजत सांगायला लागले. विश्वासाचा गैरवापर. कर्तव्यात सतत कसूर. मुलाचे हाल. कोर्टाचा आदेश जाणूनबुजून धुडकावणं. हे प्रत्येकाला न्हाई न्हाई करत मान हलवत होते. मग म्हणाले, पालकाचा स्वतःचा फायदा मुलाच्या हिताच्या आड येणं. पुढं आणखी होती, दिवाळखोरी, कोर्टाची हद्द सोडून राहायला जाणं. ती माझ्या कानात शिरलीच नाहीत. मी फायद्यापाशीच अडकले.

वाटणीत विहिरीचा तुकडा भाऊजींना आला होता. विहीर गौरीची. विहिरीपाशी पाइपाला दोन व्हॉल्व आहेत, एक आमच्या रानाचा, एक गौरीच्या. आमचा रोज फिरतो. आमचा ऊस डोक्याच्या वर गेलाय आणि बांधापलीकडं पोरीचं रान पडीक, नुसती कुसळं. रोज बघते. कधी मनात आलं नाही. घरातलंच पाणी, घरातलंच रान. सगळे ‘आपली विहीर’ म्हणतात, गौरीसुद्धा.

वकिलांनी विचारलं, मुलीला काही काम लावता का? हे म्हणाले, घरातल्या पोरी करत्यात तेवढंच. मी फरशीकडं बघत बसले.

येताना ह्यांनी गौ. ला नवीन कंपास घेतली, आणि गरम जिलेबी. वाईट माणूस नाही हो हा. तेच तर अवघड आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अर्जाची कॉपी मिळाली. ह्यांचा चष्मा सापडेना, म्हणून मी वाचून दाखवला. चुलता पोरीला काठीनं मारतो. उपाशी ठेवतो. अंगावर धड कपडा नाही. वाचता वाचता मलाच हसू फुटलं. पोरीचे सगळे कपडे मी शिवते, दुकानात टांगावे असे. आणि खायचं म्हणाल तर साईचा पहिला गोळा तिच्या ताटात पडतो, मग ह्यांच्या.

हे हसले नाहीत. डोळे भरून आले होते. “आगं, कवा हात उचलला का म्या तिच्यावर? तू सांग.”

नाही उचलला. खरंच नाही. तिला डेंग्यू झाला तेव्हा हे दवाखान्याच्या जिन्यावर बसून होते. अख्खं निमोणे गाव साक्षीला येईल.

आबांच्या वकिलानं हे काय लिहून ठेवलं? खरं कारण उसात पाण्यात उभं आहे, आणि त्यानं काठी लिहिली. आज कागद हातात धरून हे बोलत होते तेव्हा गौ. रानातून आली, पायांना चिखल, आणि म्हणाली, तात्या, खालच्या बाजूच्या सऱ्या राहिल्यात, लाईट गेली. हे म्हणाले, राहू दे बाळा, उद्या.

१० डिसेंबर, बुधवार



दुपारी गौ. चा डबा घेऊन रानात गेले. उसाच्या कडेची सरी ओली. चिखलात तिची अनवाणी पावलं उठलेली. आणि त्यातल्या एका पावलावर पंजा. गोल, चार बोटांचा, ताजा. तिच्या पावलाच्या वर, म्हणजे ती पुढं गेल्यावर तो तिथून गेला. गौ. दोन सऱ्या पुढं, मोबाईलवर गाणं लावून खोऱ्यावर रेललेली. विज्ञानाचं पुस्तक पिशवीत घालून बाभळीला अडकवलेलं. मी हाताला धरून ओढलं तर म्हणते, मोठी आई, थांब, दार फुटंल.

पाण्याची काळजी. पोरीला पाण्याची काळजी.

हे लगेच जाऊन बघून आले. उद्यापासनं म्या जातो म्हणाले.

१३ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस हे गेले उसात. आज सकाळी कॉटवरून उठता येईना, कंबर धरली. लेप लावला, गोळ्या दिल्या. मी गेले उसात. संध्याकाळी मशीनवर बसले तर पायडलवर पाय ठरेना. तीन लग्नघरांची माणसं ब्लाऊजसाठी दारात. नवरीच्या ब्लाऊजला उद्या ये म्हणता येत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

परत दिवसाची लाईट.

ह्यांनी गौ. साठी गळपट्टा आणला. आता आमच्या भागात घालतात बायामाणसं रानात जाताना. बिबट्या मानगुटीलाच धरतो ना, म्हणून चामड्याचा पट्टा आणि बाहेरून खिळे. शिरूरला खास मापाचा करून घेतला, लहान गळ्याचा. किती काळजीनं दाखवत होते. आता भ्या न्हाई म्हणाले.

गौ. ने घालून बघितला. आतून टोचतंय म्हणाली. मी मशीनवर बसले आणि फ्लॅनेलचं अस्तर लावून दिलं, गुलाबी, उरलेल्या तुकड्याचं. दाट टाके घातले. कडा नीट दुमडली. शिवताना काही वाटलं नाही, हातातलं कामच ते. तिनं तो घातला, आरशात बघितलं, आणि खोरं घेऊन उंबऱ्याबाहेर पडली, तेव्हा मी दारापर्यंत मागं गेले.

बाकीची पोरं पाठीला दप्तर लावून त्याच रस्त्यानं चालली होती.

२७ डिसेंबर, शनिवार

दौंडला अण्णांकडे. माझे वडील, रेल्वेतून रिटायर, आता कानानं कमी. गाडी आली की मात्र अजून घड्याळ बघतात, लेट आहे का टायमात. मागच्या खोलीतला भाडेकरू गेला म्हणाले, खोली रिकामी पडलीय, तुझं मशीन आणून टाक इथं, बायका लायनीत उभ्या राहतील. गंमतीत म्हणाले. मी पण हसले.

येताना काय मनात आलं कुणास ठाऊक, वरवंडला उतरले. ह्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही.

आबांनी गौ. साठी खोली करून ठेवलीय. कॉट, टेबल, टेबलावर धूळ नको म्हणून चादर. बाहेरून शाळेचा गलका ऐकू येतो, इतकी जवळ. आता आजीजवळ बसायला एक बाई ठेवलीय, आजी जरा सावरली. चांगल्या हातानं तिनं माझा हात धरला. गौरी केवढी झाली, एवढंच विचारलं. मी उभी राहून खांद्यापाशी हात लावून दाखवला. आजी त्या हाताकडंच बघत राहिली.

आबा म्हणाले, “ताई, मारहाणीचं वकिलानं घातलं. म्या नको म्हणलो व्हतो. मग कारण काय दावू म्हणला. तुम्ही घरात असता. तुम्हाला काय ठावं असंल तर सांगा.”

मी चपला घातल्या. बस चुकेल म्हणाले.

बसमध्ये सगळा हिशोब डोक्यात. मी तोंड उघडलं तर गौ. जाते. तोंड मिटलं तर उसात जाते. दोन्हीकडून जातेच की.

७ जानेवारी, बुधवार

शिरूर. माझं प्रतिज्ञापत्र. घरात बाई आहे, तिची साक्ष वजनदार होते, असं वकील म्हणतात.

टाइप केलेलं मला वाचून दाखवलं. मुलीस कधीही मारहाण झालेली नाही. खरं. मुलीस वेळेवर जेवण, कपडे, औषधपाणी मिळते. खरं. मुलीस माझी माया आहे व मला तिची. खरं. मग ह्यांनी आठवण केली म्हणून वकिलांनी शेवटी आणखी एक ओळ घातली, की मुलीच्या सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेतली जाते, बिबट्यापासून संरक्षणासाठी तिच्या मापाचा गळपट्टा करून दिलेला आहे. वा, हे छान झालं, वकील म्हणाले. टायपिस्टनं पण मान डोलावली. त्याच्या बायकोला पण घ्यायचाय म्हणाला. सगळ्यांनाच ते काळजीचं वाटलं. आमच्या भागातल्या कुणालाही वाटेल.

एकही वाक्य खोटं नाही. मी सही केली.

घरी आले तर आठवडा दिवसाच्या लाईटीचा, गौ. नुकतीच रानातून आलेली, मानेवर पट्ट्याचा वळ. खाजवतंय म्हणाली. खोबरेल लावून दिलं. माझ्या जिवाला चैन नाही.

२१ जानेवारी, बुधवार

ह्यांना सांगून बघितलं. आजच्या आज पोरीला शाळेत पाठवा, मी जाते उसात. हे म्हणाले, आन् ब्लाऊज? म्हटलं, खड्ड्यात गेले ब्लाऊज. तर म्हणाले, एवढी केस मिटू दे, मग बघू, आता काय बदललं तर पाव्हणं म्हणतील, आधी चुकत व्हतं म्हणून बदललं.

म्हणजे चुकतंय हे ह्यांनाही कळतंय.

तरी आज मी गेले. उद्याही जाईन म्हटलं होतं, पण उद्या वाघोलीच्या नवरीची हळद, तिचे ब्लाऊज राहिलेत. म्हणजे गौ. च जाणार. शी.

२ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याचं कोर्ट. जज मॅडमनी गौ. ला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं. आम्ही बाहेर बाकावर, एका टोकाला आबा, एका टोकाला हे, मधे मी. आबांनी आणलेली चिक्की पुढं केली. ह्यांनी घेतली.

गौ. हसतच बाहेर आली. आबांच्या पाया पडली.

परतीच्या एस.टी. त खिडकीपाशी बसून तिनंच सांगितलं. मॅडमनी विचारलं शाळेत खाडे का. “मी सांगितलं, मला शाळा आवडत नाही. मीच जात नाही. तात्या तर रागावतात. मला रानातच आवडतं.” आणि कुठं राहायचं विचारलं तर, मोठ्या आईजवळ.

शाळा आवडत नाही. बाभळीला पुस्तक टांगणारी पोरगी. सुट्टी लागली की शाळा कधी उघडणार म्हणून डोकं खाणारी.

मी म्हणाले, खोटं का बोललीस गं? तर म्हणते, नाहीतर मला नेतील ना. आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. हे पुढच्या सीटवर होते. त्यांनी ऐकलं. मागं वळून बघितलं नाही.

रांजणगाव येईस्तोवर मी खिडकीबाहेर बघत रडत होते. माझ्यासाठी ही एवढीशी पोर खोटं बोलली, आणि मी मोठी बाई, माझ्यासाठीच गप्प बसलेय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जसं आठवतंय तसं लिहिते.

आबांच्या वकिलानं मला उलट विचारलं. नवरा मुलीला मारतो का? नाही. शिव्या देतो का? नाही. उपाशी ठेवतो का? नाही. तो हताश होऊन खाली बसला. आमचे वकील खुशीत. संपलंच होतं. मी पिंजऱ्यातून खाली पाय टाकणार, तर जज मॅडम माझं प्रतिज्ञापत्र चाळता चाळता थांबल्या. मॅडम शहरातल्या असाव्यात. चष्मा वर सारून म्हणाल्या, “हा गळपट्टा म्हणजे काय?”

आमचे वकील उठले, साहेब, तिकडं बिबट्यांचा फार त्रास, सगळेच घालतात. मॅडम म्हणाल्या, त्यांना सांगू द्या. मी सांगितलं, चामड्याचा, बाहेरून खिळे. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “हा घालून मुलगी जाते कुठं?”

हे समोर बसलेले. माझ्याकडं बघत होते. धमकावून नाही, तसं असतं तर सोपं गेलं असतं. नुसतं बघत होते.

मी म्हणाले, “उसात. दारं धरायला. दिवसाची लाईट असते त्या आठवड्यात ती शाळेत जात नाही, उसात जाते. तिला शाळा आवडते, मॅडम. ती तुमच्याशी खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली.”

मग तोंड थांबेचना. विहीर तिची आहे. पाणी आमच्या उसाला. तिचं रान पडीक. पट्ट्याला अस्तर मीच लावलंय. शाळेतून फोन आला की ताप आहे असं मीच सांगते. हे मारत नाहीत, ते खरं आहे, तेही लिहून घ्या, मी म्हणाले. मॅडम सावकाश सांगत होत्या, बाजूचा टाइप करत होता. मला मधेच पाणी दिलं कुणीतरी.

पुढच्या तारखेपर्यंत गौ. वरवंडला राहील. शाळेतही तिकडंच बसवायचं. निकाल नाही. आणि मला उतरू देण्याआधी मॅडमनी विचारलं, मुलगी तुमच्याजवळ राहायचं म्हणते, तुमचं नाव पालक म्हणून विचारात घ्यायचं झालं तर तुम्ही कुठं राहणार? त्याच घरात?

मी ह्यांच्याकडं बघितलं. विचार करून पुढच्या तारखेला सांगा म्हणाल्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हे आज सकाळी चुलीपाशी येऊन बसले. “खोटं न्हाई बोललीस तू. पन मला आधी सांगायचं. गावात तोंड कसं दावू?” सांगितलं होतं, मी म्हणाले. हो, सांगितलं व्हतंस, म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले.

भांडले असते तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आबा गाडी घेऊन आले. गौ. ने स्वतःची बॅग स्वतः भरली. मी शिवलेले ड्रेस घडी करून दिले, तिनं एकेक काढून परत कपाटात ठेवला. दोनच नेले. अंगणात ह्यांच्या पाया पडली, माझ्या नाही. गाडीत बसताना म्हणाली, “मी सांगितलं होतं ना त्यांना सगळं. तू कशाला बोललीस?”

आबांनी काच वर केली. गाडी गेली.

बरोबर केलं म्हणून छाती फुगवून बसावं असं काही आत नाही. नुसतं घर मोठं झालंय. मशीनवर बसते, दोरा ओवते, उठते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आबांचा फोन. शाळेत जातेय. पहिल्या दिवशी गप्प होती, आता एक मैत्रीण झालीय. आजीला विज्ञानाचं पुस्तक वाचून दाखवते, आजीला काही कळत नाही, तरी ऐकते. मी म्हणाले, द्या जरा तिच्याकडं. मागून आवाज आला, अभ्यास करतेय म्हणून सांगा. आबा म्हणाले, येईल ताई, पोर हाय.

अण्णांनाही फोन केला. मागची खोली अजून रिकामीच आहे का विचारलं. अण्णांना नीट ऐकू गेलं नाही, कोण येतंय, कोण येतंय करत राहिले. मी ठेवून दिला.

दौंडवरून वरवंड जवळ. पण इथं ह्या माणसाची कंबर कोण शेकणार. आणि मला राग येतो की अजून मी हाच विचार करतेय.

२ मार्च, सोमवार

दिवसाची लाईट.

हे कंबर धरून पडलेले. मी साडी वर खोचली, खोरं घेतलं. निघणार तोच मोबाईल वाजला, आबांच्या नंबरवरून मेसेज. “मोठी आई आज दिवसाची आहे. एकटी जाऊ नको. पट्टा घालून जा.”

उंबऱ्यात बसून तीनतीनदा वाचला. पोरगी वरवंडला बसून आमच्या लाईटीचे आठवडे मोजतेय.

पट्टा मोटरच्या खोलीत खुंटीला होता. लहान मापाचा, शेवटच्या भोकात कसाबसा बसला. मान वळत नाही. खिळे खांद्याला लागतात. आतून मात्र टोचत नाही, अस्तर चांगलं लागलंय.

मोटर चालू केली. सवयीनं हात आमच्या व्हॉल्वकडं गेला. मग दुसऱ्याकडं गेले, गौ. च्या बाजूच्या. गंजून पार धरलाय. हातानं हलेना, पदर गुंडाळून बघितला, मग ह्यांचा मोठा पान्हा आणला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. कुरकुरला. अर्धा फिरला आणि परत अडकला.

अर्धं पाणी आमच्या उसाला, अर्धं गौरीच्या रानात. तिथं काही पेरलेलं नाही. कुसळांत पाणी पसरत होतं आणि मी खोरं धरून वेड्यासारखी बघत उभी. मागं बांधावर हे आलेले, काठी टेकत. कधी आले कळलं नाही.

“तिकडं काय हाय का?”

काही नाही, मी म्हणाले.

हे ओलं होत चाललेल्या रानाकडं बघत राहिले. माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडं बघितलं. पान्हा माझ्या पायापाशीच पडला होता. तो त्यांनी उचलला, हातात तोलला. व्हॉल्व बंद करायला का पूर्ण उघडायला ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही काही केलं नाही. पान्हा घेऊन तिथंच बसले, लाईट जाईपर्यंत.

तारीख याच महिन्यात आहे. तुम्ही कुठं राहणार म्हणून मॅडम विचारतील.